हंगामाबाहेरचा वेग : अमेरिकन फुटबॉलमधील बचावाच्या पिछाडीचा एक इतिहास

'फुटबॉल' हा शब्द उच्चारताच महाराष्ट्रातील वाचकाच्या मनात पायाने खेळावयाच्या चेंडूचे चित्र उभे राहते. अमेरिकेत ह्याच नावाने रूढ असलेला खेळ सर्वस्वी निराळा आहे. त्यात चेंडू बहुतांशी हातात असतो, प्रत्येक चाल काही सेकंदांत संपते, आणि चढाई करणारे व बचाव करणारे असे दोन स्वतंत्र चमू आळीपाळीने मैदानात उतरतात. बचावाच्या अगदी मागच्या फळीत जे उभे असतात त्यांस डिफेन्सिव्ह बॅक म्हणतात. कॉर्नरबॅक व सेफ्टी हे त्यांचे दोन मुख्य प्रकार होत. प्रतिपक्षाचा रिसीव्हर ज्या मार्गाने धावेल त्या मार्गाने त्याच्यासोबत राहणे आणि पुढे फेकलेला चेंडू त्याच्या हाती पडू न देणे हे त्यांचे काम. रिसीव्हरला आपला मार्ग आधीच ठाऊक असतो. बचावपटूला तो ठाऊक नसतो. त्यास प्रथम उलटपावली धावावे लागते, नंतर कंबर वळवून सरळ धावावे लागते, आणि हे सर्व समोरच्याच्या हालचालीला उत्तर म्हणून करावे लागते. ह्या उत्तरादाखल धावण्याचे शिक्षण सामने नसलेल्या महिन्यांत देण्याची पद्धत कशी निर्माण झाली, हा प्रश्न वरवर पाहता केवळ व्यायामशास्त्राचा वाटतो. वस्तुतः तो नियमांचा, मोजमापांचा आणि श्रमिकाच्या वेळेवर मालकी कोणाची ह्याचा प्रश्न आहे.

आरंभी असा खेळाडूच अस्तित्वात नव्हता. ६ नोव्हेंबर १८६९ रोजी रटगर्स व प्रिन्स्टन ह्या महाविद्यालयांत झालेल्या ज्या सामन्यापासून ह्या खेळाचा इतिहास मोजण्याची प्रथा आहे, त्यात आजच्या खेळाचे जवळजवळ काहीच नव्हते. वॉल्टर कँप ह्याच्या पुढाकाराने १८८० नंतर नियमांना आकार आला खरा. पण चेंडू पुढे फेकण्यास १९०६ पर्यंत परवानगी नव्हती. १९०५ च्या हंगामातील मृत्यू व दुखापतींमुळे देशभर गहजब झाला, अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट ह्यांस त्यात लक्ष घालावे लागले, आणि गर्दीत चाललेला खेळ मोकळा व्हावा म्हणून पुढची फेक मान्य झाली. तीही फार संकोचाने. फेक वाया गेली तर शिक्षा होती, आणि फेकीच्या अंतरावरील वीस यार्डांची मर्यादा १९१२ पर्यंत टिकून होती. फेकच दुर्मिळ, तेव्हा फेक अडविणाऱ्याचा वेग हा चिंतनाचा विषय होण्याचे कारण नव्हते.

ते कारण १९३३ नंतर उत्पन्न झाले. त्या वर्षी नॅशनल फुटबॉल लीगने आघाडीच्या रेषेमागील कोणत्याही जागेवरून चेंडू फेकण्यास मुभा दिली, आणि पुढील वर्षी चेंडूही अधिक सडपातळ झाला. १९३५ मध्ये ग्रीन बे पॅकर्स संघात आलेला डॉन हटसन हा ह्या नव्या व्यवस्थेचा पहिला मोठा लाभार्थी होय. १९४५ मध्ये निवृत्त होईपर्यंत त्याने झेलांवर ९९ टचडाउन केले. त्याला अडविण्यास एकाऐवजी दोन माणसे लावावी लागत. तथापि अद्याप एकच खेळाडू चढाई व बचाव दोन्ही करीत असे. म्हणजे हटसन स्वतःही बचावात उभा राहत असे. केवळ बचावासाठी शरीर घडविणे ही कल्पना त्या व्यवस्थेत बसणारी नव्हती.

म्हणून ह्या इतिहासातील खरा आरंभबिंदू शोधावयाचा तर तो धावपट्टीवर न शोधता बदली खेळाडूंच्या नियमात शोधावा लागतो. महायुद्धात माणसे अपुरी पडू लागल्याने लीगने १९४३ मध्ये मुक्त बदलीला तात्पुरती संमती दिली आणि १९५० मध्ये ती कायमची केली. महाविद्यालयांनी मात्र १९५३ मध्ये उलट दिशेने पाऊल टाकले, आणि तेथे पूर्ण मोकळीक यावयास १९६४ उजाडले. व्यावसायिक खेळात १९५० पासून केवळ बचाव करणारा माणूस पगारावर ठेवणे शक्य झाले. त्याच वर्षी १ ऑक्टोबरला न्यू यॉर्क जायंट्सने क्लीव्हलँड ब्राउन्सला ६-० असे हरविले, ते स्टीव्ह ओवेन ह्याने रचलेल्या 'छत्री' नावाच्या बचावाच्या बळावर. पिछाडीचे चार खेळाडू उघडलेल्या छत्रीप्रमाणे पसरून उभे राहत. त्या चौघांत टॉम लँड्री हा एक होता. लँड्रीचे पाय इतरांच्या मानाने मंद होते, आणि ह्या उणिवेची भरपाई त्याने प्रतिपक्षाच्या सवयींचा अभ्यास करून केली. चेंडू कोठे जाणार हे आधीच ओळखले तर धावण्यास कमी वेग पुरतो, हे त्याचे सूत्र. वेग आणि पूर्वज्ञान ह्यांतील हा वाद पुढील सत्तर वर्षे ह्या ना त्या रूपाने चालू राहिलेला दिसतो.

दुसऱ्या टोकाला डिक लेन उभा आहे. 'नाइट ट्रेन' हे त्याचे टोपणनाव. विमानाच्या कारखान्यातील कामाला कंटाळून तो १९५२ मध्ये लॉस एंजल्स रॅम्स संघाच्या कचेरीत आपली कात्रणवही घेऊन शिरला, आणि त्याच हंगामात बारा सामन्यांत प्रतिपक्षाच्या चौदा फेकी त्याने मध्येच झेलल्या. हंगाम आता सतरा सामन्यांचा झाला असूनही तो उच्चांक मोडला गेलेला नाही. लेनला हंगामाबाहेर कोणी धावण्याचे शिक्षण दिले होते काय? तसे शिक्षण देणारी संस्था त्या काळी नव्हतीच. १९५० च्या दशकातील व्यावसायिक खेळाडू जानेवारीपासून जुलैपर्यंत विमा विकीत, शाळेत शिकवीत किंवा बांधकामावर राबत. उन्हाळ्याच्या शिबिरात येऊन शरीर पुन्हा जागेवर आणावयाचे, ही सर्वमान्य रीत होती. शिबिराचा हेतूच तो होता. महाविद्यालयात असताना जे वसंतऋतूत धावण्याच्या शर्यतींत भाग घेत, त्यांचा वेग तेथे कसास लागे. म्हणजे फुटबॉलने आपले वेगाचे शिक्षण दुसऱ्या खेळाकडे बिनखर्चाने सोपविलेले होते.

ह्याच्या मुळाशी एक समजूत होती. वजने उचलणाऱ्याचे स्नायू आखडतात व तो मंद होतो, असे प्रशिक्षक बहुधा एकमुखाने सांगत. महायुद्धकाळात थॉमस डीलॉर्म ह्या सैनिकी डॉक्टराने जखमी सैनिकांवर वाढत्या वजनांचे उपचार करून ही समजूत वैद्यकात खिळखिळी केली. मैदानावर ती टिकली. लुइझियानातील अल्विन रॉय ह्याने १९५५ मध्ये बॅटन रूज येथील इस्ट्रूमा हायस्कूलच्या मुलांना वजने उचलावयास लावली. त्यांतील बिली कॅनन हा पुढे शर्यतीतही वेगवान आणि गोळाफेकीतही बलवान निघाला, आणि १९५८ मध्ये लुइझियाना स्टेट विद्यापीठाच्या राष्ट्रीय अजिंक्यपदाचा आधार ठरला. एका शरीरात दोन्ही गुण नांदतात हे त्याच्या देहानेच सिद्ध केले. रॉयला १९६३ मध्ये सॅन डिएगो चार्जर्सने नेमले; व्यावसायिक फुटबॉलमधील तो पहिला शक्ति-प्रशिक्षक मानला जातो. त्याच शिबिरात खेळाडूंच्या ताटाशेजारी डायनॅबॉल ह्या स्टेरॉइडच्या गोळ्या ठेवल्या जात, ही गोष्टही इतिहासकाराने झाकून ठेवू नये. हंगामाबाहेरची शास्त्रीय तयारी आणि औषधाचा आडमार्ग ही दोन्ही एकाच दाराने आत आली.

रॉयने दार उघडले, परंतु संस्था उभी केली ती बॉइड एप्ली ह्याने. नेब्रास्का विद्यापीठाचा हा बांबूउडीपटू पाठीच्या दुखण्यामुळे १९६९ मध्ये लहानशा व्यायामखोलीत स्वतःच्या सुधारणेसाठी वजने उचलीत असे. तेथे दुखापतीतून उठणारे फुटबॉलपटू त्याचे अनुकरण करू लागले. सहायक प्रशिक्षक टॉम ऑस्बर्न ह्याच्या ते ध्यानात आले. मुख्य प्रशिक्षक बॉब डिव्हेनी ह्याच्यासमोर एप्लीला नेण्यात आले तेव्हा डिव्हेनीने संमती दिली ती अशा अटीवर, की एकही खेळाडू पूर्वीपेक्षा मंद झालेला आढळल्यास एप्लीची नोकरी जाईल. ही आख्यायिका एप्लीने पुढे अनेकदा सांगितली आहे. तिच्यातील रंग बाजूला ठेवला तरी तिचा गाभा फार सूचक आहे. नोकरी शक्तीवर अवलंबून नव्हती. ती वेगावर अवलंबून होती. साहजिकच एप्लीला वेग मोजणे भाग पडले. कमी अंतराच्या धावा, उभ्या जागेवरील उडी, दिशा बदलण्याची चपळाई ह्यांच्या नोंदी दर हिवाळ्यात ठेवणे हा त्याच्या कार्यक्रमाचा कणा झाला. १९६७ व १९६८ मध्ये प्रत्येकी सहा विजयांवर थांबलेला नेब्रास्काचा संघ १९७० व १९७१ मध्ये राष्ट्रीय विजेता ठरला. ह्या यशात वजनांचा वाटा किती हे वेगळे काढून दाखविणे अशक्य आहे. परंतु इतर विद्यापीठांनी ते वेगळे काढण्याच्या फंदात न पडता सरळ एप्लीची नक्कल केली. १९७८ मध्ये त्याच्याच पुढाकाराने अशा प्रशिक्षकांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली.

ह्या सुमारास मोजमापाचाही एक निराळा प्रवाह येऊन मिळाला. चाळीस यार्डांची, म्हणजे सुमारे ३६.६ मीटरांची धाव कालमापकाने मोजण्याची प्रथा क्लीव्हलँडचा पॉल ब्राउन ह्याने पाडली असे सांगितले जाते. पायाने उंच मारलेल्या चेंडूखाली वेळेवर पोहोचण्यास साधारण तितके अंतर धावावे लागते, हे तिचे मूळ कारण. हे कारण लवकरच विस्मृतीत गेले आणि आकडा उरला. डॅलस काउबॉइज संघाने १९६० नंतरच्या दशकात खेळाडूंची निवड संगणकाच्या साहाय्याने करण्याचा उपक्रम हाती घेतला, त्याची गणिती मांडणी भारतातून अमेरिकेत गेलेल्या सलाम कुरेशी ह्या संख्याशास्त्रज्ञाने केली. फुटबॉलशी त्याचा पूर्वपरिचय नव्हता, आणि म्हणूनच प्रत्येक गुणाची व्याख्या काय, असा प्रश्न तो विचारू शकला. त्याच संघाचा प्रशिक्षक टॉम लँड्री होता. मंद पायांचा छत्रीतला तोच बचावपटू.

लँड्रीच्याच संघात १९६५ मध्ये बॉब हेज आला. आदल्या वर्षी टोकियो येथे त्याने शंभर मीटरांचे सुवर्णपदक मिळविले होते. पहिल्याच हंगामात त्याने हजारावर यार्ड व बारा टचडाउन कमावले. एका माणसाने त्याच्यामागे धावणे निरर्थक ठरल्याने अनेक संघांनी माणसाऐवजी क्षेत्र राखण्याच्या बचावाचा आश्रय घेतला, असे सर्वत्र म्हटले जाते; क्षेत्ररक्षण त्यापूर्वीही होते, पण हेजने त्याची निकड वाढविली एवढे निश्चित. त्याखेरीज दुसरा उपाय होता तो हातांचा. रिसीव्हरला धक्के देऊन, वाटेत अडवून त्याची लय मोडावयाची. पिट्सबर्ग स्टीलर्सचा मेल ब्लाउंट ह्या कलेत असा निष्णात होता, की १९७५ मध्ये त्याने अकरा फेकी मध्येच झेलल्या. १९७८ मध्ये लीगने नियम केला, की आघाडीच्या रेषेपासून पाच यार्डांपलीकडे रिसीव्हरला असा धक्का देता कामा नये. नियमाला लोक ब्लाउंटचेच नाव देतात.

ह्या पाच यार्डांचे महत्त्व जितके सांगावे तितके थोडे. तोपर्यंत बचावपटूच्या पायांची उणीव त्याचे हात भरून काढीत. नियमाने हात बांधले आणि पायांवर भार टाकला. हंगामाबाहेर वेग वाढविण्याचे शिक्षण ह्यानंतर चैनीचे राहिले नाही, पोटापाण्याचे झाले. १९८३ मध्ये वॉशिंग्टन संघाने टेक्सस ए अँड आय ह्या लहान महाविद्यालयातील डॅरेल ग्रीन ह्यास पहिल्या फेरीत निवडले. तो ठेंगणा होता, परंतु त्याच वर्षी शंभर मीटर १०.०८ सेकंदांत धावला होता. ५ सप्टेंबर १९८३ रोजी आपल्या पहिल्याच सामन्यात त्याने डॅलसच्या टोनी डॉर्सेटला मैदान ओलांडून मागून गाठले. तो वीस हंगाम खेळला. ब्लाउंटच्या देहाचा नमुना मागे पडून ग्रीनच्या देहाचा नमुना पुढे आला.

वेगाच्या शिक्षणाचे तत्त्वही ह्याच काळात बदलत होते. सोव्हिएत संघातील यूरी वेर्खोशान्स्की ह्याने १९६० च्या दशकात उंचीवरून उडी टाकून तत्क्षणी पुन्हा उसळण्याच्या व्यायामांचा अभ्यास केला. अमेरिकेत फ्रेड विल्टने १९७५ च्या सुमारास त्यांस 'प्लायोमेट्रिक्स' हे नाव दिले. सॅन होजेचा धाव-प्रशिक्षक बड विंटर ह्याने, सर्वोच्च वेग ताठरपणातून येत नसून शिथिलतेतून येतो, असे प्रतिपादिले. ह्या सर्वांहून महत्त्वाची, आणि फुटबॉलच्या प्रशिक्षकांस पचावयास सर्वांत कठीण गेलेली गोष्ट म्हणजे विश्रांती. पूर्ण वेगाची धाव काही सेकंदच टिकते, आणि तिला इंधन पुरविणारे स्नायूंतील फॉस्फोक्रिएटिन भरून येण्यास मिनिटे लागतात. पुरेशी विश्रांती न देता धावा वाढविल्या तर वेगाचे शिक्षण होत नाही. थकवा सोसण्याचे होते. सैनिकी शिस्तीत वाढलेल्या प्रशिक्षकास उभा असलेला खेळाडू आळशी दिसे. वेग आणि दमसास ह्यांतील ही गल्लत केवळ तात्त्विक नव्हती. २००६ मध्ये टेक्ससमधील एका विद्यापीठात नवागत बचावपटू शंभर यार्डांच्या सोळा धावांनंतर कोसळला व दुसऱ्या दिवशी मरण पावला. त्याच्या रक्तात सिकल सेलचा गुण होता, आणि ते कोणास माहीत नव्हते. त्या प्रकरणातील दाव्याचा परिणाम म्हणून महाविद्यालयीन क्रीडासंघटनेने २०१० पासून पहिल्या श्रेणीच्या खेळाडूंसाठी ह्या गुणाची तपासणी लागू केली. विदर्भातील व नंदुरबारकडील आदिवासी समाजांत हाच गुण मोठ्या प्रमाणात आढळतो. तेव्हा येथील क्रीडाशिक्षकांसही ही नोंद परकी मानता येणार नाही.

मृत तरुण कृष्णवर्णीय होता, आणि ह्यास एक सामाजिक पार्श्वभूमी आहे. जॉन लॉय व जोसेफ मॅक्एल्व्होग ह्या समाजशास्त्रज्ञांनी १९७० मध्ये दाखवून दिले, की अमेरिकेतील संघ कृष्णवर्णीयांस निर्णय घेण्याच्या मध्यवर्ती जागा न देता कडेच्या जागा देतात. बचावाची पिछाडी ही अशीच जागा होती. त्यांचा वेग उपजत आणि गौरवर्णीयांची बुद्धी कमावलेली, अशी ही वाटणी. वेग जन्मजात मानला की त्याच्या शिक्षणाची गरज संपते, आणि तो खालावला की दोष आळसावर जातो. बचावपटूचे पाय वाचन, अंदाज व अभ्यास ह्यांनीच चालतात, हे लँड्रीच्या बाबतीत सहज मान्य झाले. लेनच्या बाबतीत मात्र लोकांनी फक्त आगगाडी पाहिली.

१९८० नंतरच्या दशकात परीक्षा केंद्रित झाली. निवडीपूर्वी सर्व उमेदवारांस एकत्र तपासण्याचे शिबिर १९८२ मध्ये टँपा येथे सुरू झाले आणि १९८७ पासून ते इंडियनापोलिस येथे भरू लागले. त्याचा विलक्षण परिणाम असा, की हंगामाबाहेरचे शिक्षण हळूहळू खेळासाठी न राहता चाळीस यार्डांच्या परीक्षेसाठी होऊ लागले. जानेवारी व फेब्रुवारीत खासगी शिक्षकांकडे आठ-आठ आठवडे राहून उमेदवार पहिल्या तीन पावलांची घोकंपट्टी करतात. ह्या परीक्षेत बंदूक नाही; धावणारा आपल्या मर्जीने हलतो तेव्हा घड्याळ सुरू होते. म्हणजे बचावपटूचा जो मुख्य गुण, दुसऱ्याच्या हालचालीला उत्तर देणे, तोच तीत मोजला जात नाही. २०२२ मध्ये बेलर विद्यापीठाचा कॅलन बार्न्स हे अंतर ४.२३ सेकंदांत धावला. तोवरच्या कॉर्नरबॅकांत ही सर्वोत्तम नोंद. त्याची निवड मात्र सातव्या, म्हणजे शेवटच्या फेरीत झाली. निवडणाऱ्यांचा आपल्याच घड्याळावर पुरता विश्वास नाही, असा ह्याचा अर्थ होतो.

आता वेळेच्या मालकीचा प्रश्न. पगार वाढले तसे विमा विकणे बंद झाले आणि संघांनी मोकळ्या महिन्यांवर हक्क सांगण्यास प्रारंभ केला. महाविद्यालयांत १९९१ पासून हंगामात आठवड्याला वीस तासांची व हंगामाबाहेर आठ तासांची मर्यादा आली. परंतु 'ऐच्छिक' म्हटलेली धाव मर्यादेबाहेर राहिली, आणि जी न केल्यास संघातील जागा जाते ती धाव किती ऐच्छिक असते हे सांगावयास नको. व्यावसायिकांनी २०११ च्या करारात हंगामाबाहेरचा कार्यक्रम चौदा आठवड्यांवरून नऊ आठवड्यांवर आणला आणि उन्हाळ्यातील दिवसातून दोनदा होणारे जड सराव बंद केले. त्यापूर्वी त्याच वर्षी मार्चपासून जुलैपर्यंत मालकांनी टाळेबंदी केली होती व खेळाडूंस संघाच्या व्यायामशाळांत प्रवेश नव्हता. शिबिरे उघडताच पहिल्या बारा दिवसांत दहा खेळाडूंच्या टाचेमागील कंडरा तुटल्या, आणि पुढील सतरा दिवसांत आणखी दोघांच्या. देखरेखीखालील तयारी खंडित झाल्याचा हा परिणाम, असे अभ्यासकांनी सुचविले. संख्या लहान आहे, म्हणून निर्णय सावधपणे घ्यावा. परंतु १९८९ ते १९९८ ह्या दशकातील मांडीच्या मागील स्नायूंच्या १,७१६ दुखापतींचा अभ्यास ह्याच दिशेस बोट दाखवितो. त्यांतील निम्म्याहून किंचित अधिक दुखापती हंगामापूर्वीच्या सात आठवड्यांत झाल्या, आणि सर्वांत मोठा वाटा, सुमारे २३ टक्के, बचावाच्या पिछाडीचा होता. पूर्ण वेगाची सवय नसलेला स्नायू अचानक पूर्ण वेगास जुंपला की फाटतो. हंगामाबाहेरची मोजकी, विश्रांतियुक्त, पूर्ण वेगाची धाव ही म्हणून जिंकण्याइतकीच शाबूत राहण्याचीही बाब ठरते, आणि कराराने वाचविलेले आठवडे खेळाडूने कोठे व कोणाच्या देखरेखीखाली घालवावेत हा प्रश्न कराराने सुटलेला नाही. ज्यास खासगी शिक्षक परवडतो तो त्याच्याकडे जातो; नवखा व कमी पगाराचा खेळाडू गावातील शाळेच्या मैदानावर एकटा धावतो.

२०१५ पासून लीगच्या सर्व मैदानांवर खेळाडूंच्या खांद्यांवरील संरक्षक पट्ट्यांत बारीक प्रेषक बसविलेले असतात, आणि प्रत्येक चालीतील प्रत्येकाचा वेग नोंदला जातो. त्यामुळे सरळ धावेतील आकडा आणि प्रत्यक्ष सामन्यातील वेग ह्यांची तुलना प्रथमच शक्य झाली. इंडियनापोलिस येथे बचावपटूंस आजही उलटपावली धावावयास व वळावयास लावतात. प्रशिक्षक ते डोळ्यांनी पाहून टिपणे करतात. घड्याळ मात्र त्या वेळी बंद असते.